मायचा गुडघा आणि भूक लागणारं कासव

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर माय आमच्याकडे गोंदियाजवळच्या मुर्रीला राहायला आली, तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि गावाकडे धानाची कापणी सुरू होती. ऐन कापणीत घर सोडून लेकीकडे जाऊन बसायचं, याचा तिला इतका राग होता की गाडीतून उतरताना तिनं जावयाचा हात धरला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. आमगावच्या पुढे, दरेकशाच्या डोंगरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं गाव आहे. घर, गाई आणि शेत माझ्या भावाच्या हवाली करून ती आली होती, आणि भावाला यातलं काही जमेल यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

आम्ही ओसरीत तिची खाट टाकली, शेजारी खुर्ची ठेवली, समोर टीव्ही लावून दिला. वॉकर घेऊन तिला अंगणात उतरता यावं म्हणून नवऱ्यानं ओसरीच्या पायरीवर सिमेंटचा उतार करून घेतला. व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची. खाटेपासून गेटपर्यंत जायचं आणि परत यायचं, सकाळ-संध्याकाळ, असं तिनं सांगितलं. माय तिच्यासमोर शहाण्या मुलीसारखी मान हलवायची. मुलगी गेटबाहेर पडली की वॉकर भिंतीला टेकवून खुर्चीत बसायची.

"माय, चाल ना थोडी," मी म्हणायची.

"कायले?"

"गुडघा आखडेल."

"मंग कोठी जाऊ?"

"गेटपर्यंत जाऊन ये."

"गेटपाशी काय हाये?"

गेटपाशी काहीच नव्हतं. एक कडी होती आणि बाहेर रस्ता होता. गावी ही बाई पहाटेपासून गोठ्यात, विहिरीवर, बांधावर, शेजारणीच्या दारात अशी दिवसभर पायावर असायची आणि त्याला तिनं कधी चालणं म्हटलं नव्हतं. आता तिला नुसतंच चालायला सांगत होतो. मी रागावून पाहिलं, गोडीत सांगून पाहिलं, नवऱ्यानं "मामीजी, डॉक्टर मला बोलतील हो" असं म्हणून पाहिलं. तिनं त्यालाही सांगितलं, "डॉक्टरले मी बोलतो."

त्याच दिवसांत माझ्या डोक्यात दुसरंच काही शिजत होतं. मी गोंदियाला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. दरवर्षी आमची मुलं काळ्या पट्टीवरून धावणारी गाडी बनवतात. जमिनीवर काळी चिकटपट्टी लावायची, गाडीच्या पोटाखाली दोन सेन्सर बसवायचे, आणि पट्टी जिकडे वळेल तिकडे गाडी वळते. मुलांना ती चालली की फार आनंद होतो, मलाही होतो. पण त्या हिवाळ्यात एका दुपारी मुलं गेल्यावर मी ती गाडी पट्टीवरून उचलली आणि खिडकीजवळच्या मोकळ्या फरशीवर ठेवली. गाडी जागेवर थरथरत उभी राहिली. दिवा लुकलुकत होता, मोटर गुणगुणत होती, पण पट्टी नाही तर करायचं काय हे तिला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात आमच्या कॉलेजातल्या कुत्रीचं पिल्लू उघड्या दारातून आत आलं. त्यानं गाडी हुंगली, वॉटर कूलरखाली सांडलेलं पाणी चाटलं, मग खिडकीतून पडलेल्या उन्हात जाऊन अंग टाकलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तहान होती म्हणून पाणी सापडलं आणि गारठा होता म्हणून ऊन.

मी घरी येताना स्कूटीवर सबंध रस्ताभर तेच डोक्यात घोळवत होते. यंत्राला जायचं ठिकाण द्यायचंच नाही. त्याला नुसतं पोट द्यायचं. बघू काय करतं.

काम रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सुरू झालं. यंत्राच्या आत मी तीन गरजा ठेवल्या. पहिली भूक. बॅटरी उतरत गेली की भूक वाढणार. दुसरी अंगाच्या उबेची. फार तापलं तरी अस्वस्थ व्हायचं, फार गारठलं तरी. तिसरी सोबत. बराच वेळ जवळपास माणसाचा आवाज आला नाही की ती हळूहळू चढत जाणार. कुठं जा, किती वेळ थांब, कुणाच्या मागं लाग, यातलं काहीही कोडमध्ये लिहायचं नाही असा माझा नियम होता. जी ओढ सर्वांत जास्त तिच्यापायी यंत्रानं हलायचं, आणि कशा जागी गेल्यावर ती कमी झाली ते लक्षात ठेवायचं. पाठीवर सोलर पॅनल होतं, पण ऊन म्हणजे अन्न हे त्याला माहीत नव्हतं. ते त्यानं भटकून शोधायचं होतं. कुठलीही ओढ फार वाढली की ते कुंई कुंई असा बारीक आवाज काढायचं. तो मात्र मी मुद्दाम दिला, नाही तर आत काय चाललंय ते मला कसं कळणार?

अंग म्हणून मी एक जुनं ॲल्युमिनियमचं गंज, म्हणजे पातेलं, उपडं केलं आणि त्याच्या बुडावर पॅनल चिकटवलं. माय खुर्चीतून पाहत होती.

"दुधाचं गंज होय ते."

"जुनं होतं, माय. गळत होतं."

"गळत होतं तं डाग देऊन आनायचं. चाकं कायले लावून राहिली?"

मी तिला समजावून सांगितलं. भूक, ऊब, सोबत. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे खाते, झोपते, फिरते."

"हो."

"अन् काम काय करते?"

"काहीच नाही."

"तुह्या भावासारखं हाये म्हन मंग," असं म्हणून ती टीव्हीकडे वळली. पण त्या दिवसापासून तिनं त्याला कासव म्हणायला सुरुवात केली आणि आमच्या घरात तेच नाव रूढ झालं.

कासवाचे पहिले काही दिवस म्हणजे नुसता गोंधळ होता. पहिल्यांदा ते ट्यूबलाइटच्या उजेडाखाली जाऊन बसलं. उजेड भरपूर, पण भूक काही शमेना, म्हणून बिचारं भिंतीला धडका देत राहिलं. मग एकदा मी त्याला अंगणात सोडलं आणि ऊन म्हणजे काय ते त्याला कळलं. कळलं ते इतकं कळलं की सूर्य मावळेपर्यंत ते जागचं हललंच नाही. भुकेचा जोर मी जास्त ठेवला होता. तो कमी केला, तर सोबतीची ओढ वरचढ झाली आणि कासव माझ्या नवऱ्याच्या मागं लागलं. त्याचं गोंदियाला औषधाचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलायची सवय, त्यामुळे घरातही आवाज मोठा. कासवाला तो आवाज फार मानवला. एका सकाळी बाथरूमच्या दाराबाहेरून कुंई कुंई सुरू झालं आणि आतून नवरा ओरडला, "अरे यार, ह्याला घेऊन जा ना कोणी! आंघोळ तरी शांतीनं करू दे."

माय इतकी हसली की तिला ठसका लागला. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच अशी हसली होती.

मला वाटलं होतं की हुकूम देण्यापेक्षा गरज देणं सोपं असेल. एकदा दिली की झालं. प्रत्यक्षात ते भाजीत मीठ घालण्यासारखं निघालं. कासवानं काय करावं हे मला सांगता येत नव्हतं, त्याला कशाची किती ओढ वाटावी एवढंच कमी-जास्त करता येत होतं, आणि चिमूटभर फरकानं त्याचा सगळा स्वभाव बदलायचा. आज अधाशी, उद्या लाडावलेलं, परवा कशातच रस नसलेलं. कित्येक संध्याकाळी मी चहा घेत त्याच्याकडे नुसती पाहत बसायची. आपण केलेली वस्तू आता काय करेल हे आपल्याला माहीत नाही, यात एक वेगळीच मजा होती.

एक अडचण टीव्हीची निघाली. मालिकेतल्या बायकांच्या बोलण्यानं कासवाची सोबतीची गरज भागायची. रोज दुपारी ते टीव्हीसमोर जाऊन ठाण मांडायचं. मला हे फसवणुकीसारखं वाटलं. मी मायला म्हटलं, "ह्याला खरा माणूस आणि टीव्ही यातला फरक कळला पाहिजे."

"काऊन?" माय म्हणाली. "मले बी टीव्हीनंच सोबत होते ना."

ती हे तक्रार म्हणून बोलली नव्हती. आम्ही दोघं सकाळी गेलो की संध्याकाळी येणार, शेजारच्या काकू दुपारी एकदा डोकावून जाणार, बाकी दिवसभर ती आणि टीव्ही. पुढच्या रविवारी मी कासवाला माणसाच्या अंगाची ऊब ओळखणारा सेन्सर बसवला. आता नुसत्या आवाजानं भागणार नव्हतं, आवाजासोबत ऊबही लागणार होती. आणि दिवसभर घरात आवाज आणि ऊब दोन्ही असलेली एकच व्यक्ती होती.

त्यानंतरच्या आठवड्यात मी एका संध्याकाळी घरी आले तर कासव अंगणात, पपईच्या झाडाजवळ होतं. मी चकित झाले. उतार संपतो तिथं सांडपाण्याची छोटी नाली आहे आणि कासवाचं पुढचं चाक हटकून तिच्यात अडकायचं. त्यापुढे ते स्वतःहून कधीच गेलं नव्हतं, रोज आम्हीच उचलून ठेवायचो. माय खुर्चीत बसून तांदूळ निवडत होती.

"माय, कासव अंगणात कसं गेलं?"

"मले काय मालूम?"

"कुणी आलं होतं का?"

"कोनी नाई आलं."

तिच्या चपला मात्र खाटेखाली नव्हत्या. उताराच्या खालच्या टोकाला, नालीच्या पलीकडे पडल्या होत्या. मी त्या उचलून आणल्या आणि तिच्यासमोर ठेवल्या. तिनं ताटातला एक खडा शोधून बाजूला टाकला आणि म्हणाली, "वाऱ्यानं गेल्या असतीन."

मी हसू दाबलं. मग तिनंच सांगून टाकलं. "दिवसभर ओरडून राहिलं होतं तठी अडकून. कान किटले माहे. काकूले आवाज देल्ला, ते बाई घरी नाई. मंग गेलो अन् वॉकरनं ढकललं एकडाव. जनावर असं ओरडत असंल तं मानूस बसून कसा राहील?"

"जनावर नाही ते, माय."

"मी कोठी म्हनतो जनावर हाये म्हनून?"

त्यानंतर चपला रोजच जागा बदलू लागल्या. मी विचारत नव्हते, ती सांगत नव्हती. एका शनिवारी अर्धा दिवस सुट्टी मिळाली आणि मी न कळवता दुपारीच घरी आले. गेट उघडणार तोच माझा हात कडीवरच थांबला. अंगणात माय होती. वॉकर ओसरीतच राहिला होता. एक हात भिंतीला, दुसरा कमरेवर, असं ती सावकाश चालत होती आणि तिच्यामागं थोड्या अंतरावरून कासव घरघरत येत होतं. हिवाळ्यातलं ऊन आमच्या अंगणात सरकत जातं, सकाळी पपईपाशी, दुपारी टाकीपाशी, मग गेटाकडे. माय त्या उन्हासोबत कासवाला नेत होती.

"इकडं ये ना बावा, इकडं हाये ऊन. तठी सावली झाली आता. कायले तठी थांबून राहिलं?"

कासवाला यातला एक शब्द कळत नव्हता. आवाज आणि ऊब जिकडे जाते तिकडे सोबत मिळते आणि तिथंच बहुतेक ऊनही असतं, एवढं त्याच्या आत जमा झालं होतं. पण ते मागं येत होतं हे खरं. टाकीपाशी माय तिथल्या दगडावर टेकली, तसं तेही थांबलं आणि ती त्याला गावच्या गोष्टी सांगू लागली. कापणीला कोण आलं, कोण आलं नाही, भावानं धान कुठं रचून ठेवलं असेल आणि ते कसं चुकीचं असेल. मी रस्त्यावर उभी राहून ऐकत होते. रस्त्यानं जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "काय झालं, कुलूप लागलं का?" तेव्हा मला गेट उघडावंच लागलं.

फिजिओथेरपिस्ट मुलीनं पुढच्या वेळी गुडघा वाकवून पाहिला आणि तिचा चेहरा खुलला. "आजी, छान चालून राहिल्या तुम्ही!"

"कोन चालते?" माय म्हणाली. "मी तं त्याच्या मागं असतो. नाई तं ते माह्या."

मग मी एक सुधारणा केली. कासव नालीत अडकतं हे इंजिनियर म्हणून मला खुपत होतं. गोंदियाहून मोठी रबरी चाकं आणली आणि रविवारी बसवून टाकली. कासव उतारावरून रुबाबात खाली आलं, नालीवरून सहज गेलं, पपईपाशी पोचलं. मी टाळ्या वाजवल्या. नवरा म्हणाला, "वा, मैडम!" मायनं टीव्ही लावला.

पुढचे दोन-तीन दिवस घरातलं वातावरण बिघडलं. कासव आपलं आपण उन्हात जायचं, पोट भरलं की परत ओसरीत यायचं, मायच्या खुर्चीजवळ थांबायचं. कुठं अडत नव्हतं, कुणाला हाक मारत नव्हतं. माय खुर्चीतून उठेना. संध्याकाळी गुडघ्यावर हात चोळत बसायची आणि जेवणात खोट काढायची. भाजी अळणी, वरण पातळ, मुर्रीच्या पाण्याला चव नाही.

"काय झालं, माय?" मी शेवटी विचारलं.

"मले काय होते?"

"मग चालत का नाहीस?"

"कायले चालू? त्याचं ते जाते, त्याचं ते येते." मग ती म्हणाली, "जुने चाकं फेकले का तू?"

"नाही. आहेत ना."

"मंग लाव ना ते. हे चाकं बेकार हायेत. आवाज करतेत."

नव्या चाकांचा आवाज उलट कमी होता. नवरा टीव्हीचा आवाज कमी करून आमच्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, "जुन्या चाकांनी ते नालीत अडकतं, माय."

"अडकते तं अडकते. मी हावो ना अठी!"

मी त्याच संध्याकाळी जुनी चाकं परत लावली. स्क्रू फिरवताना मला हसू येत होतं. इतके आठवडे मी एका गंजाला गरजा कशा द्यायच्या म्हणून डोकं फोडत होते आणि मायच्या बाबतीत मात्र नुसते हुकूम सोडत होते. तिला गेटपर्यंत जायचं नव्हतं. तिचं कुणाला तरी काम पडायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघताना मागून कुंई कुंई ऐकू आलं आणि लगोलग मायचा आवाज, "आलो, आलो, दम धर!"

फेब्रुवारीत आमगावला एका कॉलेजात यंत्रांचं प्रदर्शन होतं. आमच्या मुलांची पट्टीवरची गाडी होतीच. मी कासवही न्यायचं ठरवलं. माय म्हणाली, "आमगावले जाऊन राहिली तं मी बी येतो. तठून गावाले जाईन." तिनं आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवली होती. गाडीत ती मागे बसली आणि कासव तिच्या मांडीवर.

हॉलमध्ये गर्दी होती. काही गाड्या पट्टीवरून धावत होत्या, एक हात डबे उचलत होता, एक यंत्र झाडांना पाणी घालत होतं. परीक्षक आमच्या टेबलाशी आले. तिघं होते, त्यातले एक वयस्कर आणि फार गंभीर.

"हे काय करतं?"

"ह्याला मी काही करायला सांगितलेलं नाही, सर. ह्याला गरजा आहेत. त्या भागवायला ते स्वतः मार्ग शोधतं."

"बरं. दाखवा."

मी कासव जमिनीवर ठेवलं. कासव स्वस्थ बसून राहिलं. गाडीतून येताना पॅनलवर ऊन पडलं होतं, त्यामुळे पोट भरलेलं. हॉल थोडा गार होता, पण कासव अस्वस्थ व्हावं इतका नाही. आणि सोबत म्हणाल तर चहूकडून आवाज आणि माणसंच माणसं. त्याला जगात कशाची म्हणून कमी नव्हती. आम्ही वाट पाहिली. परीक्षक वाकून पाहू लागले. मागं मुलांची खुसखुस सुरू झाली.

"बंद पडलं का?" गंभीर सरांनी विचारलं.

मी काही म्हणायच्या आत बाजूच्या खुर्चीतून माय बोलली. "बंद कायले पडंल? पोट भरलं हाये त्याचं. सोबत हाये. मंग कायले हालंल ते? जेवून बसल्यावर तुमी हालता का?"

ते गंभीर सरच सर्वांत आधी हसले. "आजी, मी तर झोपतो," ते म्हणाले. ते पुढच्या टेबलाकडे गेले आणि मी खुर्चीत बसकण मारली.

गंमत त्यानंतर झाली. बराच वेळ गेला, कासवाची बॅटरी उतरली आणि ते उठलं. कुणाचं लक्ष नसताना ते टेबलाखालून निघालं, दाराच्या उजेडाकडे वळलं, आणि मधे दुसऱ्या एका गटाची गाडी पट्टीवरून येत होती तिला आडवं गेलं. गाडी थांबली. तिची मुलं ओरडायला लागली. कासवाला त्याचं काहीच नव्हतं. ते दारातून बाहेर पडलं आणि व्हरांड्याच्या कडेला, जिथं ऊन होतं, तिथं जाऊन थांबलं. त्याच्यामागून मी धावले, माझ्यामागून ती मुलं, आणि हे काय चाललंय म्हणून परीक्षकही आले. हॉल सकाळचा गारठलेलाच होता. उन्हात आल्यावर त्या तिघांपैकी कुणालाच परत आत जाण्याची घाई दिसेना. गंभीर सर हात चोळत कासवाशेजारी उभे राहिले आणि त्याच्या आतल्या गरजांविषयी विचारत बसले. त्यांचे प्रश्न चांगले होते. भूक आणि उष्णता एकमेकींच्या विरोधात गेल्या तर काय, हे त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, "उन्हाळा आला की कळेल, सर."

बक्षीस डबे उचलणाऱ्या हाताला मिळालं. तो हात खरंच चांगला होता.

दुपारी भाऊ मोटारसायकल घेऊन मायला न्यायला आला. माय वॉकर न घेता त्याच्यापर्यंत चालत गेली तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी तिला म्हटलं, "माय, कासव नेतेस का? तुलाच सवय झालीये त्याची."

तिनं जरा विचार केला. खरोखरच केला, मला दिसलं. मग म्हणाली, "नाई बाई. घरी गाई हायेत, कोंबड्या हायेत, हा हाये." हा म्हणजे भाऊ. "तठी मले बसाले फुरसत नाई भेटत. तूच ठेव. अन् त्याच्याशी बोलत जा. तू कमी बोलतेस." मोटारसायकलवर ती एका बाजूनं बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि भावाला म्हणाली, "धान कोठी रचलं तू?" गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती त्याला काहीतरी विचारतच होती.

घरी आल्यावर कासव काही दिवस मायच्या खुर्चीजवळ जाऊन कुंई करायचं. रिकाम्या खुर्चीत आवाज नाही, ऊब नाही. हळूहळू ते तिथं जायचं कमी झालं. त्याला आठवण आली असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या कुंईमुळे सकाळचा चहा आम्ही दोघं ओसरीत बसून घेऊ लागलो. एरवी आमच्या घरात चहा ज्याचा त्याचा उभ्या-उभ्याच व्हायचा. मार्च लागला आणि गंभीर सरांच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. ऊन तापायला लागलं तसं कासवानं दुपारचं जेवण आपोआप सोडलं. सकाळी कोवळ्या उन्हात खायचं, मग दिवसभर माठाच्या तिवईखाली गारव्याला पडून राहायचं, संध्याकाळी पुन्हा थोडं बाहेर. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. आमच्याकडचे सगळेच उन्हाळ्यात असंच करतात.

यंदा माझ्या वर्गातल्या मुलींनी दुसरं कासव केलंय. त्याला त्यांनी एक गरज जास्तीची दिली, कंटाळा. एकाच जागी फार वेळ राहिलं की ती वाढते. गेल्या आठवड्यात आम्ही दोन्ही कासवं भुकेली ठेवून कॉलेजच्या व्हरांड्यात सोडली. तिथं ऊन एवढंसंच येतं, एकाला पुरेल इतकं. आधी दोघांनी एकमेकांना ढकललं. गंजावर गंज आपटून असा आवाज झाला की शेजारच्या वर्गातले सर बाहेर आले. मग आमचं बाजूला झालं आणि नवीन कासवानं उन्हात मुक्काम ठोकला. पण थोड्या वेळानं त्याला कंटाळा आला. ते निघून व्हरांडाभर भटकायला लागलं आणि आमचं उन्हात आलं. भटकून भूक लागल्यावर नवीन परत आलं, तोवर आमचं निम्मंअधिक जेवून तापलं होतं आणि सावलीकडे सरकत होतं. बराच वेळ असंच चाललं. वाटून खा, असं दोघांपैकी कुणाच्याही आत लिहिलेलं नव्हतं. मुली जमिनीवर बसून ओरडून ओरडून आपापल्या कासवाची बाजू घेत होत्या.

मी लगेच मायला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"आधी भांडले का?" तिनं विचारलं.

"भांडले ना. जोरात."

"मंग बरं हाये," माय म्हणाली. "ठेव आता. दूध उतू जाऊन राहिलं माहं."